एका कामाचे दोन पगार

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांवर आपण दरसाल ऐकता. त्या पंक्तीत रुग्णालयातील नोकरांच्या पगाराचा विषय काहीसा रूक्ष वाटेल. परंतु हा विषय ज्या खाटेशी जाऊन भिडतो ती खाट आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातील कोणाची तरी असते. रात्री दोन वाजता रोग्याने हाक मारली की धावून येणारी परिचारिका, त्याला ढकलगाडीवरून क्ष-किरण विभागात नेणारा वॉर्डबॉय, रक्ताने भिजलेले बोळे उचलणारी सफाई कामगार बाई, ही माणसे नोकर कोणाची आणि त्यांना वेतन काय दराने मिळते, हा प्रश्न म्हणूनच केवळ त्यांचा राहत नाही. रुग्णालय सार्वजनिक आहे, म्हणजे त्याचे मालक आपण आहोत. मालकाने आपल्या घरचे पगारपत्रक एकदा तरी उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण हजेरीपट, पगारपावत्या आणि न्यायालयातले निवाडे वाचता वाचता झाले. त्यामुळे येथे सिद्धांत थोडे आणि हिशेब अधिक असतील, त्याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.

एका वॉर्डात चार जातीचे नोकर

सरकारी किंवा नगरपालिकेच्या रुग्णालयात एकाच वॉर्डात, एकाच पाळीत काम करणारी माणसे वरून सारखी दिसली तरी कागदावर चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार कायम सेवकांचा. यांचे पद सरकारने मंजूर केलेले असते. त्याला वेतनश्रेणी असते, दरसाल वेतनवाढ असते, महागाई वाढली की भत्ता वाढतो, आजारपणात रजा मिळते.

दुसरा प्रकार करारावरच्या सेवकांचा. यांचा करार संस्थेशी थेट असतो, पण तो मुदतीचा. बहुधा अकरा महिन्यांचा, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. यांना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, ‘एकत्रित मानधन’ म्हणतात. ‘मान’ आणि ‘धन’ अशा दोन शब्दांनी बनलेल्या या शब्दात दोहोंपैकी काय किती आहे, हे पुढील आकड्यांवरून दिसेल.

तिसरा प्रकार रोजंदार व बदली कामगारांचा. हा शब्द मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला दिला. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. गिरणीच्या फाटकावर जॉबरच्या मर्जीने चालणारी ही भरती इतकी बेबंद झाली होती की अखेर १९३५ साली गिरणीमालकांच्या संघालाच बदली कामगारांची नोंद ठेवण्याची योजना आणावी लागली.

चौथा प्रकार एजन्सीच्या, म्हणजे ठेकेदाराच्या माणसांचा. यांचा रुग्णालयाशी कागदोपत्री काहीच संबंध नसतो. रुग्णालय ठेकेदाराला दर डोई, दर महिना ठरलेली रक्कम देते आणि ठेकेदार त्यातून माणसाला वेतन देतो. हुकूम सिस्टर देते, वॉर्ड रुग्णालयाचा, रोगी रुग्णालयाचा; पगारपावती मात्र तिसऱ्याच माणसाची, आणि तीही मिळाली तर.

अंतर किती?

महाराष्ट्र शासनाच्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींत शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. जानेवारी २०२४ पासून राज्य सेवकांचा महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ५० टक्के झाला. पुढे तो आणखी वाढला. त्या एका वेळचाच हिशेब धरू. ३५,४०० अधिक १७,७०० म्हणजे ५३,१०० रुपये. यात घरभाडे भत्ता धरलेला नाही. तो गावाच्या वर्गवारीप्रमाणे वेगळा.

याच काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील जाहिराती ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ठाऊक आहे, की त्याच शिक्षणाच्या, परिचर्या परिषदेत तशीच नोंदणी असलेल्या परिचारिकेला २०,००० रुपये एकत्रित मानधन सांगितलेले असे. एकीच्या हातात इंजेक्शन आहे आणि दुसरीच्याही. चुकले तर जबाबदारी दोघींची सारखीच. पण एकीच्या महिन्यात दुसरीचे अडीच महिने बसतात.

हे झाले पहिल्या दिवसाचे. दहा वर्षांनंतर काय होते ते पाहा. कायम परिचारिकेचे मूळ वेतन दरसाल एक पायरी चढत दहा वेतनवाढींनंतर ४७,६०० वर पोचते, आणि महागाई भत्ता या वाढलेल्या रकमेवर मिळतो. करारावरच्या परिचारिकेला वर्षाला थोडी मानधनवाढ मिळते, पण महागाईशी तिची सांगड नाही. बाजारात तूरडाळ दोघींना एकाच भावाने मिळते, एवढीच काय ती समानता.

चतुर्थ श्रेणीत चित्र याहून कठीण आहे. राज्य शासनाच्या सर्वांत खालच्या श्रेणीत मूळ वेतन १५,००० रुपयांपासून आहे. ५० टक्के भत्ता धरता ते २२,५०० होते, आणि घरभाडे वेगळे. हेच काम ठेकेदाराकडे गेले की मोजमापाची पट्टीच बदलते. तेथे वेतनश्रेणी नसते, किमान वेतन असते. किमान वेतन म्हणजे याखाली गेलात तर गुन्हा ठरेल अशी तळरेषा. ती रेषा ओलांडू नये म्हणून आखलेली होती. आता तिच्यावरच घर बांधले जात आहे.

पगारपावतीत न दिसणारा पगार

बरेच सज्जन नागरिक आम्हांला विचारतात, ‘ठेकेदाराचा माणूस स्वस्त पडत असेल तर पालिकेने तो का घेऊ नये? कर तर आमच्याच खिशातून जातो.’ प्रश्न योग्य आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यावे लागेल.

कामगाराला हातात मिळणाऱ्या वेतनाच्या मागे आणखी एक वेतन उभे असते. निविदेच्या हिशेबात ते साधारणतः असे मांडतात. दर १०० रुपये वेतनामागे भविष्य निर्वाह निधीत मालकाने १२ रुपये भरायचे. विमा व प्रशासन आकार धरून ते १३ होतात. कामगार राज्य विम्याचे ३ रुपये २५ पैसे. किमान बोनसचे ८ रुपये ३३ पैसे. उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे ४ रुपये ८१ पैसे. बेरीज २९ रुपये ३९ पैसे. भरपगारी रजा याखेरीज. म्हणजे कायद्याप्रमाणे चालायचे तर १०० रुपयांच्या माणसासाठी ठेकेदाराला १३० रुपये तरी लागणार. त्याचा नफा त्यावर वेगळा.

आता समजा, पालिकेने निविदा काढली आणि सर्वांत कमी दर आला तो ११५ रुपयांचा. तो मंजूरही झाला, कारण सर्वांत कमी दर मंजूर करण्याचीच रीत आहे. मग उरलेले १५ रुपये कोठून आले? ठेकेदार काही धर्मशाळा चालवीत नाही. ते कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतून येतात, बोनसमधून येतात, वीस माणसांचे बिल लावून सोळाच पाठवली की त्या चौघांच्या अनुपस्थितीतून येतात. गणवेशाचे पैसे कापून येतात. कामगाराच्या खात्यावर पूर्ण पगार जमा करून त्याचे एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात ठेवून येतात. गिरणीच्या फाटकावर जॉबर जी दस्तुरी घेई, तिचेच हे नवे रूप.

यांतील ग्रॅच्युइटीची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. १९७२ च्या कायद्याने ती मिळायला एका मालकाकडे पाच वर्षे सलग सेवा व्हावी लागे. ठेका असतो दोन किंवा तीन वर्षांचा. आमच्या पाहण्यातील एका नगरपालिका रुग्णालयात अकरा आया एकाच मजल्यावर कित्येक वर्षे काम करीत होत्या. तेवढ्यात ठेकेदार तीनदा बदलला. प्रत्येक नव्या ठेकेदाराच्या वहीत त्या बाया ‘नव्या भरती’ म्हणून लागल्या. मजला तोच, खाटा त्याच, बाया त्याच. सेवा मात्र दर वेळी शून्यापासून. ग्रॅच्युइटीचे ते ४ रुपये ८१ पैसे पालिकेने दर महिन्याच्या बिलात भरले होते, पण ज्यांच्या नावाने भरले त्यांच्यापर्यंत ते पोचण्याची वाटच नव्हती. हे पैसे करदात्यांचे, म्हणजे आपले होते. स्वस्ताई म्हणून आपण जिचे कौतुक करतो तिच्यात असे कितीतरी पैसे कामगाराच्या म्हातारपणातून उचललेले असतात.

अंतर पडते कसे?

या व्यवस्थेमागे कोणी एक दुष्ट मनुष्य बसलेला नाही. तीन कारणे एकत्र येऊन ती उभी राहिली आहे.

पहिले कारण हिशेबाच्या शीर्षांचे. महाराष्ट्रातील नगरपालिका-महानगरपालिकांना आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. उत्पन्न वाढत नाही, लोकसंख्या वाढते, रुग्णालयात खाटा वाढतात. कायम परिचारिका नेमली तर तिचा पगार आस्थापनेत धरला जातो आणि रेषा ओलांडली जाते. तेच काम ठेकेदाराला दिले तर त्याचे बिल दुसऱ्या शीर्षाखाली पडते. खर्च तिजोरीतून जातोच, फक्त तो मोजणाऱ्याच्या नजरेआड होतो.

दुसरे कारण योजनांचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. २०१३ पासून ते राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. पैसा वर्षावर्षाला मंजूर होणाऱ्या आराखड्यातून येतो, त्याचा मोठा वाटा केंद्र देते आणि बाकीचा राज्य. योजना मुदतीची म्हणून नोकर मुदतीचे, असा तर्क झाला. पण योजना दोन दशके चालू आहे. प्रसूती, लसीकरण, क्षयरोग्यांची औषधे ही कामे काही एखाद्या आराखड्यापुरती नव्हेत. काम पिढीजात आणि नोकर मात्र अकरा महिन्यांचा, हे कोडे त्यातून निर्माण झाले. महाराष्ट्र शासनाने १४ मार्च २०२४ च्या निर्णयाने दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचे मान्य केले. पण त्याची अंमलबजावणी मागण्यासाठी या कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर जावे लागले.

तिसरे कारण बेकारीचे. फाटकाबाहेर शंभर माणसे उभी असली की आतल्या माणसाचा दर पडतो. शिकलेल्या मुलामुलींची संख्या वाढली आणि भरती थांबली, तेव्हा ‘काहीही द्या, पण चिकटवा’ म्हणणारे हात वाढले. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत निरनिराळ्या खात्यांत मनुष्यबळ घेण्याची सोय केली होती. तिच्यावर गावोगाव संताप झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्याआधी, २०२२ च्या मेअखेरीस, शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी बाह्य यंत्रणेमार्फत भरतीच्या विरुद्ध काम बंद केले होते. कायम परिचारिकांनी हा लढा का द्यावा, त्यांचा पगार तर सुरक्षित होता, असे काहींना वाटले. पण शेजारच्या खाटेपाशी निम्म्याहून कमी दराने काम करणारी उभी असेल तर उद्या आपला दर महाग ठरणार, हे त्यांना पुरते कळले होते.

कायदा काय म्हणतो?

‘समान कामास समान वेतन’ हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात स्त्रीपुरुषांच्या संदर्भात लिहिलेले आहे. १९८२ साली दिल्ली पोलिसांतील एका मोटारचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते समतेच्या मूलभूत हक्काशी जोडले. पुढे २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की कायम सेवकाचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या सेवकाला त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे. कमी पगारावर मनुष्य राजीखुशीने काम करीत नाही, कुटुंबाच्या पोटासाठी नाइलाजाने करतो, हेही न्यायालयाने ओळखले.

मात्र हा निवाडा सरकारने स्वतः नेमलेल्या तात्पुरत्या सेवकांचा होता. ठेकेदाराच्या माणसाची वाट अधिक बिकट आहे, कारण त्याला आधी ‘मी नोकर कोणाचा?’ हेच सिद्ध करावे लागते. या प्रश्नाची चर्चा मुंबईपासून सुरू झाली म्हटले तरी चालेल. १९६० साली स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीच्या मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सफाई व देखभालीचे काम ठेक्याने द्यावे की नाही, हा वाद होता. काम बारमाही आहे काय, कारखान्याला ते आवश्यक आहे काय, पुरेशा माणसांना पूर्ण वेळ गुंतवील इतके आहे काय, इतरत्र ते कायम कामगारांकडून करवून घेतात काय, अशा कसोट्या लावून न्यायालयाने ठेका बंद करण्याचा निवाडा उचलून धरला. याच कसोट्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आल्या. आणि १९७१ च्या केंद्रीय नियमांत ठेकेदाराच्या परवान्यातच अट घातली गेली, की मूळ मालकाच्या कामगारांसारखेच काम करणाऱ्या ठेका कामगारांचे वेतनदर, रजा व कामाचे तास तसेच असावेत.

इतकी स्वच्छ अट क्वचितच कोठे लिहिली गेली असेल, आणि इतकी थोडी पाळलीही गेली असेल. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. ठेका केवळ देखावा होता हे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. २००६ साली उमादेवी खटल्यात मागच्या दाराने आलेल्या नेमणुका कायम करण्यावर न्यायालयाने बंधन घातले. उलट २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो खटल्यात, वर्षानुवर्षे आवश्यक काम करणाऱ्यांना उमादेवीच्या निवाड्याकडे बोट दाखवून हाकलता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७० चा कायदा संपला आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता लागू झाली. तिने संस्थेच्या मुख्य कामात ठेका कामगार लावण्यास सामान्यतः मनाई केली. हे चांगलेच झाले. पण मुख्य कामातून सफाई, पहारा, भोजनगृह, धुलाई, रुग्णवाहिकांसह वाहतूक यांना वगळले. आता विचार करा. कापडाच्या दुकानात झाडू मारणे हे मुख्य काम नसेल, मान्य. शस्त्रक्रियागृहात जमिनीवरचे रक्त पुसणे हे मुख्य काम नाही, असे कोणता शल्यविशारद म्हणेल? पूर्वी २० कामगारांच्या ठेक्याला कायदा लागू होई. आता ही संख्या ५० आहे. एकोणपन्नास माणसांचे दोन ठेके काढायला मोठी बुद्धी लागत नाही.

एक गोष्ट मात्र जुन्यातही होती आणि नव्यातही आहे. ठेकेदाराने वेतन बुडविले तर ते मूळ मालकाने द्यायचे. रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत.

सुईला ठेकेदार कळत नाही

काही कायद्यांना हा भेद मुळी दिसतच नाही, आणि ते शहाणपणाचे आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयावर जबाबदारी टाकली, की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस टोचावी, प्रशिक्षण द्यावे, दरसाल आरोग्य तपासावे. पिवळ्या पिशवीत चुकून पडलेली सुई बोट टोचताना ते बोट कायम सेवकाचे की ठेक्याचे, हे विचारीत नाही. म्हणून नियमही विचारीत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा केंद्र सरकारने रोग्यांची सेवा करताना मृत्यू येणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. त्यात कायम, करारावरचे, रोजंदार, बाह्य यंत्रणेमार्फत आलेले, सारे धरले होते. मरणाची किंमत सरकारने सर्वांना सारखी लावली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की जी समता मरणाला लावता आली ती जगण्याला लावणे अशक्य नसावे.

आणखी एक विसंगती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांचे वेतन सुचविले. २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि ५० हून कमी खाटांच्या लहानशा रुग्णालयानेही २०,००० च्या खाली जाऊ नये, असे तिचे म्हणणे. म्हणजे गल्लीतील छोट्या खाजगी दवाखान्याला जी तळरेषा सांगितली, तेवढ्यावर सरकारच्या अभियानाने आपली करारावरची परिचारिका ठेवली.

इंग्लंडात उलटे चित्र

येथे कोणी म्हणेल, एजन्सी ही पद्धत जगभर आहे. आहे खरी. पण इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एजन्सीची परिचारिका कायम परिचारिकेहून महाग पडते. तेथे परिचारिकांचा तुटवडा आहे, त्यामुळे एजन्सी म्हणेल तो दर द्यावा लागे. २०१४-१५ या वर्षात तेथे एजन्सीच्या माणसांवर सुमारे ३.३ अब्ज पौंड खर्च झाले, तेव्हा सरकारची झोप उडाली. नोव्हेंबर २०१५ पासून दरांवर मर्यादा आली आणि एप्रिल २०१६ पासून ती कायम सेवकाच्या मूळ दरापेक्षा ५५ टक्के अधिक, येथे स्थिरावली.

हे ५५ टक्के कशासाठी? त्यात रजेचे वेतन, निवृत्तिवेतनाची वर्गणी, सामाजिक विम्याचा मालकाचा हप्ता आणि एजन्सीचा थोडा मोबदला धरलेला आहे. म्हणजे कायम नोकरीत मूळ पगारापलीकडे काय काय असते, याचा तो हिशेबच होय. शिवाय १ ऑक्टोबर २०११ पासून तेथे नियम आहे, की एजन्सीच्या माणसाने एकाच जागी बारा आठवडे काम केले की त्याला तेथील नोकराइतके मूळ वेतन व मूलभूत सवलती मिळाव्यात. ऑस्ट्रेलियात तर तात्पुरत्या कामगाराला ताशी दर साधारणपणे २५ टक्क्यांनी अधिक देतात, कारण रजा आणि उद्याची शाश्वती त्याच्या वाट्याला येत नाही.

या दोन चित्रांतून आम्ही काय घ्यावे? माणसे दुर्मिळ असली की एजन्सी सरकारला लुटते, आणि माणसे मुबलक असली की कामगाराला. दोन्हीकडे मधल्याचा वाटा सुटत नाही, आणि दोन्हीकडे वॉर्डात रोज नवा चेहरा दिसतो. रोग्याची मागची रात्र कशी गेली, हे ज्या चेहऱ्याला ठाऊक नाही, तो चेहरा स्वस्त असो की महाग, रोग्याला तो परकाच.

काही आक्षेप

‘कायम झाले की माणसे आळसावतात,’ असे म्हणतात. आळशी कायम सेवक आम्हीही पाहिले आहेत. पण त्यावरचा उपाय देखरेख आहे, चौकशी आहे, शिस्तीचे नियम आहेत. एकाचा आळस घालवण्यासाठी दहा जणांचा भविष्य निर्वाह निधी बुडवावा, हे कोणत्या व्यवस्थापनशास्त्रात बसते?

‘पैसा नाही,’ हा दुसरा आक्षेप. पैसा कमी आहे हे खरे. तो कमी असेल तर सर्वांनी मिळून कमी घ्यावा, यालाही विचार करता येईल. पण आज कमीपणाचा सारा भार सर्वांत खालच्या पायरीवर टाकला आहे, आणि त्या पायरीवर बहुतेक बाया आहेत, आणि सफाईत तर शतकानुशतके तेच काम ज्यांच्या माथी मारले गेले त्यांचीच लेकरे आहेत.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. पूर, साथ, यात्रा, बाळंतपणाच्या रजा, अशा वेळी तात्पुरती माणसे लागतातच. ती जरूर घ्यावीत. पण मग त्यांचा रोजचा दर कायम सेवकाच्या दराहून थोडा चढाच असावा, कारण ती माणसे उद्याची अनिश्चितता पत्करून आपली अडचण निवारतात. तात्पुरता माणूस महाग असला की त्याला गरजेपुरतेच बोलावतात. स्वस्त असला की तोच कायमचा होतो, फक्त तात्पुरत्या दराने.

नागरिकांनी काय विचारावे?

आमच्या चळवळीने मोर्चे काढायचे, निवेदने द्यायची, न्यायालयात जायचे, ते आम्ही करूच. परंतु मालक आपण आहात, आणि मालकाच्या एका प्रश्नाला जी धार असते ती आमच्या दहा घोषणांना नसते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या अधिकारी व सेवकांचे मासिक वेतन आपण होऊन जाहीर करायचे आहे. तेव्हा आपल्या गावच्या रुग्णालयाला हे विचारा.

मंजूर पदे किती आणि रिकामी किती, व ती कधीपासून? ठेकेदाराला दर डोई किती रक्कम देता आणि तिची फोड काय? त्यातील किती कामगाराच्या खात्यावर जमा होते, व कोणत्या तारखेला? भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या पाहिल्याशिवाय बिल मंजूर होते काय? लसीच्या नोंदवहीत ठेक्याच्या सफाई कामगारांची नावे आहेत काय? ठेकेदार बदलला तर जुनी माणसे आणि त्यांची जुनी सेवा पुढे धरली जाते काय? आणि शेवटी, जे काम वर्षाचे बारा महिने, दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत चालते, ते आपण कोणत्या तोंडाने तात्पुरते म्हणतो?

या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ ठिकाणी फाइलीत तयार असतात. मागणारा कोणी येत नाही म्हणून ती तेथेच राहतात. पुढच्या वेळी कोणा आप्ताला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा खाटेवरच्या माणसाची चौकशी झाल्यावर, ती खाट स्वच्छ ठेवणाऱ्या बाईलाही एक प्रश्न विचारा, ‘बाई, तुमचा पगार कोण देतो आणि किती देतो?’ तिचे उत्तर ऐकून जे वाटेल ते घरी नेऊन ठेवू नका; नगरपालिकेच्या पायऱ्या चढून तेथे नेऊन द्या.